शिक्षकांसाठी वेबसाइट काढताय? कोटेशन मागण्याआधी हे वाचा

वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं, यावर साइट काढायची म्हणून शाळा आणि शिक्षकगट आमच्याकडे येतात. चर्चा बहुधा लोगो आणि रंगांपासून सुरू होते. ते शेवटी ठरलं तरी चालतं. साइट कोण उघडणार आणि कधी, हे आधी ठरवा.

ती उघडणारे बाई किंवा सर मधल्या सुट्टीत, मोबाइलवर, पुढच्या तासासाठी काहीतरी शोधत असतात. ‘डिजिटल शिक्षणाचे महत्त्व’ त्यांना त्या वेळी नको असतं. म्हणून मेनूत अ‍ॅपची नावं टाकू नका. इयत्ता, विषय, पाठ असा क्रम ठेवा.

नववीचा धाराविद्युतचा पाठ घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात परिपथ जोडून पाहण्याचं मोफत सिम्युलेशन आहे. एकदा उतरवून घेतलं की ते नेटशिवायही चालतं. पण नुसती लिंक दिली म्हणजे पान झालं नाही. वरच लिहा: किती वेळ लागेल, नेट लागेल का, एकच प्रोजेक्टर असेल तर काय करायचं. मग मुलांना विचारायचा प्रश्न: दोन बल्ब एकसर जोडले आणि एक काढला, तर दुसऱ्याचं काय होईल? समांतर जोडले तर? आधी हात वर करून अंदाज, मग पडद्यावर पडताळा. शेवटी वीज गेली तर काय, तेही लिहा: सेल, तारा, दोन छोटे बल्ब. (खरं तर हे सामान शाळेत असेल तर सुरुवात त्यानेच करावी. तंत्रज्ञानाच्या साइटवर असं लिहायला लाजू नये.)

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर नेतात, तिथले व्हिडिओ पुन्हा गोळा करण्यात अर्थ नाही. तो व्हिडिओ पन्नास मुलांच्या वर्गात कुठे थांबवायचा, हे तुम्ही सांगा. पुस्तकाची पानं स्कॅन करून परवानगीशिवाय टाकू नका, ई-बालभारतीची लिंक द्या.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आम्ही तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, आणतो, नाहीतर गूगलला तो सापडतच नाही. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. ते मुद्रितशोधन मात्र तुमच्याकडे.

३१ डिसेंबर २०२० ला ‘फ्लॅश’ या ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार संपला आणि कितीतरी शैक्षणिक अ‍ॅनिमेशनांच्या जागी रिकामे चौकोन उरले. तेव्हा प्रत्येक पानावर ‘शेवटचं तपासलं’ अशी तारीख हवी. ते तपासणारं माणूसही आजच नेमा.

मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय आम्ही चढवत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, संस्थेच्या नावावर घ्या आणि त्याला संस्थेचाच ईमेल व फोन नंबर जोडा. संगणकाच्या सरांच्या नंबरवर घेतलं, की त्यांची बदली झाल्यावर ओटीपीही त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावाला जातो आणि नूतनीकरण अडतं.

पहिल्या भेटीला येताना वरच्यासारखी पाच पानं लिहून आणा, वहीत हाताने लिहिलेली चालतील. त्यांवरूनच कामाचा आवाका कळतो. पानं तयार नसतील तर आधी ती लिहा, कोटेशन नंतर देऊ.