भूकंप गुणांक पद्धती

भूकंपात इमारतीवर तिच्या वजनाच्या ठरावीक अंशाइतके आडवे, स्थिर बल येते असे धरून संकल्पन करण्याची पद्धती. या अंशास भूकंप गुणांक म्हणतात. गुणांक ०.१ असल्यास १,००० टन वजनाच्या इमारतीसाठी १०० टन आडवे बल धरतात.

पद्धतीचा उगम नेमका कोठला, याविषयी मतभेद आहेत. २८ डिसेंबर १९०८ रोजी इटलीतील मेसिना व रेज्जो ही शहरे उद्ध्वस्त झाल्यावर सरकारने अभियंते व प्राध्यापक यांची समिती नेमली. तळमजल्यासाठी वरील वजनाच्या १/१२ व त्यावरील मजल्यांसाठी १/८ आडवे बल धरावे, ही तिची शिफारस मुख्यतः प्राध्यापक पानेत्ती यांची मानली जाते. भूकंपात तगलेल्या इमारतींचे गणित तिला आधारभूत होते. प्रश्न मूलतः कंपनांचा आहे, हे पानेत्तींनी ओळखले होते. मात्र ते गणित त्या काळी आवाक्याबाहेरचे होते.

जपानमध्ये अभियंते सानो तोशिकाता यांनी १९१६ च्या सुमारास गुणांकाची व्याख्याच दिली : जमिनीचा महत्तम प्रवेग भागिले गुरुत्वप्रवेग. उलथलेल्या थडग्यांच्या दगडांची रुंदी व उंची यांवरून प्रवेग काढण्याची रीत तेथे आधीपासून होती. आडव्या बलाचे प्रमाण इटलीने आधी ठरविले, हे निर्विवाद. तथापि जमिनीच्या हालचालीशी त्याची सांगड सानो यांनी घातल्यामुळे आजच्या अर्थाने पद्धतीचे श्रेय त्यांना देणे अधिक युक्त वाटते.

जपानी अभियंते नाइतो ताचू यांनी १/१५ गुणांक धरून बांधलेली तोक्योतील औद्योगिक बँकेची इमारत १९२३ च्या कांतो भूकंपात टिकली. १९२४ मध्ये ०.१ हा गुणांक जपानी कायद्यात आला.

सानो यांनी इमारत पूर्णतः दृढ मानली होती. प्रत्यक्षात ती स्वतःच्या आवर्तकालानुसार (एका पूर्ण झोक्यास लागणाऱ्या वेळेनुसार) डोलते. अभियंते मोरिस बियो यांनी १९३२ पासून मांडलेली प्रतिसाद वर्णपटाची (निरनिराळ्या आवर्तकालांच्या इमारती एकाच भूकंपात जास्तीत जास्त किती डोलतील, हे दाखविणाऱ्या आलेखाची) कल्पना हीच उणीव भरून काढते.

कोयना धरणासाठी गुणांक ०.०५ धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणातील यंत्राने गुरुत्वप्रवेगाच्या ०.६३ पट प्रवेग नोंदविला. धरण उभे राहिले, पण भेगा वरच्या भागात, उतार बदलतो त्या पातळीजवळ पडल्या. त्या तेथेच का पडल्या, हे स्थिर बलाच्या गणितातून निघत नव्हते. अभियंते चोप्रा व चक्रबर्ती यांच्या १९७३ मधील गतिकीय विश्लेषणाने, म्हणजे धरणाची कंपने हिशेबात घेणाऱ्या गणिताने, ते दाखविले.