लपवलेलं रिव्हॉल्वर आणि कुलपातलं रिव्हॉल्वर

परवानाधारक माणसाला विचारा, "हत्यार घरात कुठं ठेवता?" दहातले आठ जण आवाज खाली आणून सांगतील, "कुणाला सापडणार नाही अशा जागी." हे ऐकलं की मला आमची जवारीची कणगी आठवते.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. अण्णांकडं विलायती बनावटीचं जुनं रिव्हॉल्वर होतं, रीतसर परवान्याचं. ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून कणगीत, जवारीच्या आत हातभर खोल पुरलेलं असायचं. अण्णांच्या मते ही गोष्ट फक्त त्यांना ठाऊक. प्रत्यक्षात आम्हा चारही भावंडांना ठाऊक होती, आणि मायला तर पहिल्या दिवसापासून, कारण कणगीतून जवारी काढायची तीच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं घर वाचलं, पण माळवदाची एक बाजू खचली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी सामान बाहेर काढलं, अर्धी रिकामी कणगी आडवी केली आणि सालगड्यानं जवारीतनं ते गाठोडं उचलून सगळ्यांदेखत अण्णांपुढं धरलं. "अण्णा, ह्ये जड काय हाय?"

लपवणं आणि कुलपात ठेवणं यांतला फरक मला तिथं कळला. लपवणं दुसऱ्याच्या अज्ञानावर चालतं. पोरांना सुट्टी लागली, दिवाळीची साफसफाई निघाली, लग्नाचे पाहुणे गाद्या काढायला लागले की ते अज्ञान संपतं. घरात चोर शिरला तर तो उशी, गादी, दिवाण, कपाटातल्या साड्यांची चळत आणि देव्हाऱ्यामागची जागा सगळ्यात आधी उचकतो, कारण त्याच्याही घरात वस्तू तिथंच लपवतात. कुलूप मात्र दुसऱ्याला माहिती असतानाही काम करतं. आत काय आहे हे सगळ्या गावाला कळलं तरी पेटी उघडत नाही.

रिव्हॉल्वरच्या बाबतीत हा फरक जास्त जिवावरचा आहे, कारण बहुतेक रिव्हॉल्वरला पिस्तुलासारखा हातानं लावायचा सेफ्टीचा खटका नसतो. भरलेलं असेल तर घोडा, म्हणजे बोटानं ओढायचा चाप, ओढला की गोळ्यांचं चक्र फिरतं आणि गोळी सुटते. घोडा जड असतो, लहान पोराच्या बोटाला ओढत नाही, असं काही जण बेफिकिरीनं सांगतात. पण मागचा हातोडा आधी चढवला की तोच घोडा अगदी हलका होतो, आणि हातोडा चढवायला पोरं दोन्ही अंगठे लावतात.

पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांत 'रिकामं' या शब्दाचाही घोटाळा होतो. पिस्तुलाची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, काढली तरी नळीच्या मागच्या टोकाशी एक गोळी उरू शकते, ती स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं ओढूनच बघावी लागते. रिव्हॉल्वरमध्ये सगळं चक्रात. माझं कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, बत्तीस बोरचं. अंगठ्यानं खिटी दाबून नळी खाली दुमडली की मधली चांदणी वर येते आणि सहाही काडतुसं एकदम बाहेर ढकलते. मी ती तळहातावर मोजतो. मग चक्र खिडकीकडं धरतो. सहा भोकांतनं सहा उजेडाचे ठिपके दिसले की झालं.

आता कुलपाबद्दल. लोखंडी कपाटाला कुलूप आहे म्हणजे हत्यार कुलपात आहे, हाही तसाच एक गैरसमज. त्या कपाटात बायकोचे दागिने, सातबारा, पोरांच्या मार्कशीटा असतात आणि किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. म्हणजे पुन्हा लपवणंच, फक्त लोखंडातलं. परवाना माणसाच्या नावचा असतो, घराच्या नावचा नसतो. ज्याच्या नावचा परवाना, त्याच्याशिवाय किल्ली कुणाच्या हाताला लागता कामा नये. परवाना मागताना हत्यार नीट ठेवण्याचं हमीपत्र आपण सही करून देतो. मिळाल्यावर ते कितीजण वाचतात कोण जाणे. बीड जिल्ह्यात 2025 च्या सुरुवातीला शंभरावर परवाने रद्द झाले, तेव्हा बोलणं झालं ते कंबरेला लावून मिरवण्यावर आणि हवेत बार काढण्यावर. घरात ते कुठं पडलेलं असतं, यावर फारसं काही ऐकू आलं नाही.

छोटी तिजोरी घेतली तर ती भिंतीत बोल्टनं पक्की करा. दहा-पंधरा किलोचा डबा चोर काखोटीला मारून नेतो आणि सावकाश फोडतो. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मसाल नको. बोटाच्या ठशाचं कुलूप शेतात राबणाऱ्या हातांना दगा देतं. कापूस वेचून आलेलं बोट मशीन ओळखत नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. चामडं दमट हवा धरून ठेवतं, पावसाळ्यात गंज चढतो. तेलाचा हलका हात फिरवा, पण काडतुसांना तेल लागू देऊ नका, पेंदीतली बारूद खराब होते.

"मग रात्री शेतातल्या आखाड्यावर दरोडा आला तर मी तिजोरी उघडत बसू?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. माझ्यापुरता हिशेब असा, की हत्यार एकतर माझ्या अंगावर, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही. उशाखाली ठेवून झोपलेला माणूस ना अंगावर ठेवतो ना कुलपात. ज्याला रात्री जवळच हवं असेल त्यानं पलंगालगत झटकन उघडणारी पेटी बसवावी आणि अंधारात ती उघडण्याची सवय करावी, हत्यार रिकामं ठेवून.

एका बाबतीत मात्र कुलूपही पुरत नाही. घरात कुणी कर्जानं, दारूनं किंवा मनानं खचलेलं असेल, आणि कधीकधी तो परवानाधारक स्वतःच असतो, तर हत्यार घरातच नको. निवडणुकीत जसं पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतो, तसं एरवीही ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करता येतं.

माझी तिजोरी बैठकीच्या आतल्या खोलीत आहे, सगळ्यांना दिसते. पुतण्यानं विचारलं तेव्हा आत रिव्हॉल्वर आहे असं सरळ सांगितलं; दोनदा "दाखवा की काका" म्हणाला, मग खेळायला गेला. किल्ली माझ्या करदोड्याला असते. तिजोरीबरोबर दुसरी किल्ली आली, ती पहिले आठ दिवस मी कुठं ठेवली होती माहितीय? गव्हाच्या डब्यात. मायनंच काढून हातावर ठेवली. आता ती लातूरला बँकेच्या लॉकरमध्ये आहे.