एसएसबीतल्या गोष्टीमागची शंभर वर्षं

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांना सैन्य नवं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावच्या कॅम्पात. जवानांच्या भरतीला धावणं, उंची, छाती पाहतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून अधिकारी व्हायला बंगळूरच्या एसएसबीला, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या पाच दिवसांच्या परीक्षेला, गेलेली मुलं परत येऊन जे सांगतात, ते वडीलधाऱ्यांच्या पचनी पडत नाही. अंधूक चित्र अर्धा मिनिट दाखवलं आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावली. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. पाचव्या दिवशी ‘कॉन्फरन्स आउट’, म्हणजे शेवटच्या बैठकीत नापास. गोष्टीवरून माणूस कसा कळणार, असं आजोबा विचारतात. मानसशास्त्रज्ञही गेली कित्येक दशकं याच प्रश्नावर भांडत आहेत.

व्यक्तिमत्त्व मोजायची गरज मुळात सैन्यालाच पडली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली कोलमडणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थने हो-नाही उत्तरांची प्रश्नावली तयार केली. ती वापरात येण्याआधीच युद्ध संपलं. अशा प्रश्नावलीची अडचण उघड आहे: नोकरी हवी असलेला माणूस खरं कशाला सांगेल? 1943 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एमएमपीआय या प्रश्नावलीत म्हणूनच स्वतःला फार सज्जन दाखवणाऱ्याला पकडणारे प्रश्न मुद्दाम पेरले होते.

दुसरी वाट आडवळणाची होती. स्वित्झर्लंडच्या हेर्मान रोर्शाकने 1921 मध्ये शाईच्या डागांची दहा चित्रं प्रसिद्ध केली. 1935 मध्ये हार्वर्डच्या हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी चित्रावरून गोष्ट सांगायची चाचणी आणली, तीच टीएटी. चित्र संदिग्ध असलं की माणूस त्यात आपलंच मन ओततो, असा त्यामागचा विचार. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांचा तुटवडा पडला तेव्हा ब्रिटिशांनी, काहीसं जर्मन सैन्याचं पाहून, 1942 मध्ये निवड मंडळं सुरू केली. विल्फ्रेड बियॉनची नेता न नेमता गटाला काम देण्याची कल्पना त्यांतलीच. 1943 मध्ये डेहराडूनला असंच प्रायोगिक मंडळ बसलं. आजची एसएसबी, तिचा सायकॉलॉजिस्ट, जीटीओ (मैदानावर गटाला कामं देऊन पारखणारा अधिकारी) आणि मुलाखत घेणारा अधिकारी, हे सगळं त्या वळणाचं.

आता विश्वासाचा प्रश्न. तो दोन भागांत विचारावा लागतो, आणि एसएसबीची तयारी करून घेणारे क्लासवाले हे सहसा सांगत नाहीत. पहिला भाग विश्वसनीयतेचा: आज आणि महिन्याभराने, या तपासनिसाकडून आणि त्या तपासनिसाकडून, निकाल साधारण तोच येतो का? दुसरा वैधतेचा: जे मोजायचं म्हणतो तेच मोजलं जातं का, आणि पुढच्या वागण्याचा अंदाज त्यातून बांधता येतो का? वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, पण बरोबर नाही. टीएटी पहिल्याच पायरीवर अडखळते, कारण गोष्टींना गुण द्यायची सर्वमान्य अशी एकच पद्धत नाही, आणि ज्या आहेत त्या प्रत्यक्ष वापरात फारशा पाळल्या जात नाहीत. रोर्शाकच्या डागांतून विचारांमधला गंभीर गोंधळ बऱ्यापैकी ओळखता येतो. बाकीच्या बऱ्याच दाव्यांचा पुरावा तोकडा आहे.

प्रश्नावल्यांची गोष्ट जरा बरी. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे 18 हजार शब्द वेचले. पुढच्या पन्नासेक वर्षांत, कॅटेलपासून कोस्टा आणि मॅक्रे यांच्यापर्यंत, ते गाळत गाळत पाच मोठ्या गुणांवर गाडी आली. हे पाच गुण वर्षानुवर्षं बरेचसे स्थिर राहतात. पण त्यांतला कामाला सर्वांत उपयोगी, म्हणजे कर्तव्यदक्षता, आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण) साधारण 0.2 ते 0.3 भरतो. 0.3 धरला तरी माणसामाणसातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के उलगडतो. हजारो उमेदवारांतून निवडणाऱ्या संस्थेला तेवढा फायदा पुरतो. एकट्या मुलाच्या भविष्याबद्दल त्यावरून छातीठोक बोलता येत नाही.

लोकांना मात्र चाचणी पटते, ती वेगळ्याच कारणाने. 1948 मध्ये बर्ट्रम फोररने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सगळ्यांना एकच वर्णन दिलं. त्यातला बराचसा मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी अचूकतेला सरासरी पाचपैकी 4.26 गुण दिले. आपल्याकडे बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणारे अहवाल पालक हजारो रुपये मोजून घेतात, त्यांचं भांडवल हेच. ठशांच्या त्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही.

शिवाय चाचणीचे मापदंड कुठल्या लोकांवर ठरले तेही पाहावं लागतं. एमएमपीआयचे पहिले मापदंड मुख्यतः मिनेसोटात रुग्णालयात पेशंटला भेटायला आलेल्यांवर बेतलेले होते. घरी मराठी, बाजारात कानडी आणि कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ती पट्टी सरळ लावणं धाडसाचंच.

एसएसबीच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे. तिथला निकाल एका गोष्टीवर लागत नाही. तिघांची मतं कॉन्फरन्समध्ये समोरासमोर ठेवली जातात. जीटीओच्या मैदानावर मुलं खरोखर एकमेकांसोबत काम करताना दिसतात, आणि माझ्या मते या सगळ्यातला भरवशाचा भाग तोच. गोष्टींचा भाग सर्वांत कच्चा, आणि क्लासमध्ये सर्वाधिक घोकून घेतला जातो तोही तोच. दोनदा आउट झालेला मुलगा तिसऱ्यांदा रेकमेंड होतो, म्हणजे निवडला जातो, अशी उदाहरणं सगळ्यांच्या माहितीतली आहेत. तो मधल्या काळात बदलला असेल, तयारी जमली असेल किंवा मोजणीतच तेवढी ढिलाई असेल. नुसत्या निकालावरून यातलं कुठलं खरं, ते ठरवता येत नाही.