द विमेन मेन डोन्ट सी

‘द विमेन मेन डोन्ट सी’ (पुरुषांना न दिसणाऱ्या स्त्रिया) ही एका लेखिकेने जेम्स टिपट्री ज्युनिअर या पुरुषी टोपणनावाने लिहिलेली अमेरिकन विज्ञानकथा ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ या मासिकाच्या डिसेंबर १९७३ च्या अंकात प्रसिद्ध झाली. स्त्रीवादी विज्ञानसाहित्याच्या चर्चेत तिचा उल्लेख आजही वारंवार होतो.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात एक छोटे विमान खारफुटीच्या दलदलीत कोसळते. त्यात निवेदक डॉन फेंटन, वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरी करणारी रूथ पार्सन्स, तिची मुलगी अल्थिया आणि माया वंशाचा वैमानिक एस्तेबान असतात. पाण्याच्या शोधात रूथबरोबर निघालेला फेंटन तिला सतत आपल्या कल्पनेतल्या साच्यांत बसवू पाहतो. स्त्रियांचे हक्क पुरुषांनी दिले तेवढेच असतात आणि पुढच्या मोठ्या संकटात ते धुरासारखे विरून जातील, असे ती शांतपणे सांगते, तेव्हाही तिच्या बोलण्यामागे एखादा वैयक्तिक आघात असावा, असेच त्याला वाटते. परग्रहवासी भेटतात तेव्हा तो त्यांच्यापासून तिचे रक्षण करायला धावतो. ती मात्र आपल्याला आणि मुलीला इथून घेऊन जाण्याची विनंती त्यांना करते. सर्व घटना फेंटनच्याच तोंडून सांगण्याच्या निवडीत या कथेचे खरे सामर्थ्य आहे, कारण त्यामुळे त्याला जे उमगत नाही ते वाचकाला त्याच्याच शब्दांतून दिसत राहते.

१९७५ साली ही कथा टिपट्रीच्या एका संग्रहात समाविष्ट झाली. त्याच्या प्रस्तावनेत विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी तिला पूर्णपणे पुरुषी ढंगात सांगितलेली, पण सखोल स्त्रीवादी कथा म्हणून गौरवले. टिपट्री ही स्त्री असावी, ही कुजबुज मात्र त्यांनी हास्यास्पद ठरवली आणि त्या लेखनाची तुलना अमेरिकन कथाकार अर्नेस्ट हेमिंग्वेशी केली. कथेला नेब्युला या विज्ञानसाहित्यासाठीच्या अमेरिकन पुरस्काराचे नामांकन मिळाले होते, पण टिपट्रीने ते मागे घेतले. स्त्रियांची बाजू समजून घेणारा पुरुष म्हणून होणारे कौतुक लेखिकेला अप्रामाणिक वाटत होते. लेखिकेच्या आईच्या मृत्यूनंतर, १९७६-७७ च्या सुमारास, टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन (१९१५–१९८७) हे उघड झाले. सिल्व्हरबर्ग यांनी आपली चूक पुढे जाहीरपणे मान्य केली.

रूथच्या निर्णयाबद्दल मात्र वाचकांत एकमत झालेले नाही. काहींना त्यात बंड दिसते, तर काहींना स्त्रीपुरुष समतेची आशाच सोडून दिल्याची खूण दिसते. कथेत संघर्षाची भाषा जवळजवळ नाही आणि रूथला पृथ्वीवर बदल घडेल अशी अपेक्षाही नाही, हे पाहता दुसरे वाचन मजकुराच्या अधिक जवळ जाते.