युद्ध संपल्यावर बॉम्बर विमानं कुणाच्या नावावर गेली

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि अमेरिकेत हजारो बॉम्बर एकाएकी बिनकामाची ठरली. बोइंगचं बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ एकूण १२,७३१ बनलं होतं आणि बी-२४ ‘लिबरेटर’ तर १८ हजारांहून जास्त. त्यातली जी युद्धातून वाचली होती, ती अ‍ॅरिझोनातलं किंगमन, आर्कान्सॉमधलं वॉलनट रिज, ओक्लाहोमातलं अल्टस अशा ठिकाणी ओळीनं आणून उभी केली गेली. त्यांच्या विक्रीचं काम आधी रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेकडे होतं, १९४६ पासून ते वॉर अ‍ॅसेट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे गेलं. सरकारला बनवून घेताना दोन लाख डॉलरच्या आसपास पडलेलं बी-१७ आता १३,७५० डॉलरला मिळत होतं. बी-२५ या दोन इंजिनांच्या बॉम्बरची किंमत ८,२५० डॉलर होती आणि पी-५१ हे लढाऊ विमान ३,५०० डॉलरला कुणीही विकत घेऊ शकत होतं.

एवढं स्वस्त असूनही बॉम्बरना गिऱ्हाईक मोजकंच मिळालं. चार इंजिनांचं पेट्रोल, त्यांची देखभाल, उभं करायला लागणारी जागा हे सगळं कोण झेपवणार? त्यामुळे बहुतेक विमानं वितळवली गेली. किंगमनला वुंडरलिख या कंत्राटदार कंपनीनं पाच हजारांहून जास्त विमानं सुमारे २७ लाख ८० हजार डॉलरना घेतली, इंजिनं आणि कामाचे भाग काढून घेतले आणि सांगाडे भट्टीत घातले. प्रसिद्ध स्टंट वैमानिक पॉल मँट्झ यानं ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर इथली ४७५ विमानं एकदम ५५ हजार डॉलरना उचलली. टाक्यांत उरलेलं पेट्रोल विकूनच त्याचे पैसे वसूल झाले, असं म्हणतात. त्यानं मोजकी विमानं स्वतःच्या कामासाठी ठेवली, बाकीची भंगारात काढली. गावागावांना मात्र वेगळी सवलत होती. स्मारक म्हणून ठेवायचं असेल तर नगरपालिकेला बॉम्बर नाममात्र पैशांत मिळे. युरोपात २५ मोहिमा पूर्ण करून आलेलं ‘मेम्फिस बेल’ अल्टसला भंगाराच्या रांगेत उभं होतं. मेम्फिस शहरानं ते १९४६ मध्ये ३५० डॉलरना घेतलं, म्हणून आज ते आहे.

या काळाबद्दल जे लिहिलं जातं त्यात मोहिमा, वैमानिक आणि विमानाच्या नाकावर रंगवलेली चित्रं यांनाच जागा मिळते. पण आज जगात जी बी-१७ आणि बी-२४ उरली आहेत, त्यांतली बरीचशी युद्धात केलेल्या पराक्रमामुळे वाचलेली नाहीत. युद्धानंतर कुणाला तरी त्यांच्याकडून रोजचं काम करून घ्यायचं होतं, म्हणून ती टिकली. ती माणसं आणि त्या कंपन्या यांची नावं फलकांवर क्वचितच दिसतात. हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तो दूर करायचा तर कागद वाचावे लागतात.

हे कागद आपल्याकडच्या सातबारा आणि फेरफारासारखेच असतात: कुणी कुणाला कधी विकलं, त्यावर कुणाचा बोजा होता, तो कधी उतरला. अमेरिकेत नागरी विमानाच्या मालकीची नोंद ओक्लाहोमा सिटीतल्या विमान नोंदणी कार्यालयात होते, आणि जुन्या विमानाच्या फाइलमध्ये सरकारकडून झालेल्या पहिल्या विक्रीपासूनची खरेदीखतं, कर्जाचे करार आणि दुरुस्तीचे दाखले सापडू शकतात. सगळ्यात बोलका कागद बहुधा कर्जाचा असतो. एखाद्या छोट्या कंपनीनं विमान घेतलं, दोन वर्षांत हप्ते थकले, बँकेनं ताबा घेतला आणि पुढच्याला विकलं, ही गोष्ट त्यातून सरळ वाचता येते.

वाचताना आकड्यांचा घोळ मात्र फार होतो. हवाई दलाचा क्रमांक वेगळा, कारखान्याचा वेगळा आणि नागरी नोंदणीचा तिसराच. ४४-८३५७५ अशा क्रमांकातला ‘४४’ हा ते विमान कोणत्या आर्थिक वर्षाच्या खरेदीतलं आहे हे सांगतो, ते कधी बनलं हे नव्हे. नागरी क्रमांक रद्द झाला की काही काळानं तो एखाद्या छोट्या सेसनाला मिळू शकतो, त्यामुळे नुसता ‘एन’नं सुरू होणारा हा नागरी क्रमांक धरून शोधणारा चुकीच्या विमानाच्या दारात जाऊन उभा राहतो. १९४८ अखेरपर्यंत अमेरिकी क्रमांकात ‘एन’पुढे आणखी एक अक्षर असे. एनसी म्हणजे नेहमीचं प्रमाणित विमान, एनएल म्हणजे ‘लिमिटेड’, एनआर म्हणजे ‘रिस्ट्रिक्टेड’, एनएक्स म्हणजे प्रायोगिक. हे एक अक्षर फार महत्त्वाचं आहे. लिमिटेड वर्गातल्या विमानातून भाडं घेऊन प्रवासी किंवा माल नेता येत नसे. म्हणजे बॉम्बर घेऊन रीतसर विमानसेवा काढायची वाट अमेरिकेत जवळपास बंद होती. फवारणी, सर्वेक्षण, कंपनीच्या साहेबांचा प्रवास एवढंच उरत होतं. पुढच्या चाळीस वर्षांत ही विमानं कुठे आणि का गेली, याचं निम्मं उत्तर या नियमात आहे.

साहेबांच्या प्रवासाचं उत्तम उदाहरण म्हणजे एएम९२७ हे लिबरेटर. १९४१ मध्ये ब्रिटनसाठी बनलेलं हे अगदी सुरुवातीचं विमान, पण उतरताना अपघात झाला आणि ते अमेरिकेतच राहिलं. कन्सॉलिडेटेड कंपनीनं ते दुरुस्त करून स्वतःची माणसं आणि सामान वाहायला वापरलं. १९४८ मध्ये ते डबे बनवणाऱ्या कॉन्टिनेंटल कॅन कंपनीकडे गेलं, १९५९ मध्ये मेक्सिकोच्या पेमेक्स या सरकारी तेल कंपनीकडे आणि १९६८ मध्ये टेक्सासच्या हौशी वैमानिकांच्या संघटनेकडे, जिचं आजचं नाव कॉमेमोरेटिव्ह एअर फोर्स. पुढे ‘डायमंड लिल’ म्हणून ओळखलं गेलेलं हे विमान युद्धात शत्रूवर बॉम्ब टाकायला गेलंच नव्हतं, आणि तरीही आज उडू शकणाऱ्या अगदी मोजक्या लिबरेटरपैकी ते एक आहे.

बी-१७ ला उंचीवर उडण्याची ताकद होती, कारण त्याच्या इंजिनांना टर्बो-सुपरचार्जर, म्हणजे विरळ हवेतही इंजिनाला पुरेशी हवा पुरवणारी यंत्रं, होती. नाकाशी काच होती, पोटात प्रशस्त जागा होती. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेनं (आयजीएन) हे नेमकं हेरलं. १९४७ पासून तिनं एकेक बी-१७ गोळा केलं आणि पॅरिसच्या उत्तरेला क्रेय इथून फ्रान्स आणि आफ्रिकेतल्या वसाहतींचे नकाशे काढण्यासाठी हवाई छायाचित्रं घेतली. बोलिव्हियात याच विमानांनी बेनीच्या मैदानातलं मांस सुमारे चार हजार मीटर उंचीवरच्या ला पाझच्या विमानतळावर पोचवलं. अलाबामात त्यांनी आगमुंग्यांवर औषध फवारलं. अमेरिकेच्या पश्चिम भागात पोटात टाक्या बसवून जंगलाच्या वणव्यावर रसायन टाकलं.

एकाच विमानाच्या वाटेला किती मालक येऊ शकतात ते ४२-३२०७६ या बी-१७ मध्ये दिसतं. युद्धातलं त्याचं नाव ‘शू शू बेबी’. सिएटलला बनलेलं हे विमान इंग्लंडमधल्या बॅसिंगबर्नहून उडत होतं. २९ मे १९४४ ला पोलंडमधल्या पोझनानच्या मोहिमेत इंजिनं निकामी झाली आणि वैमानिकानं ते तटस्थ स्वीडनमध्ये माल्मोला उतरवलं. अशी उतरलेली काही बी-१७ अमेरिकेनं नाममात्र मोबदल्यात स्वीडनला देऊन टाकली, त्या बदल्यात अडकलेली माणसं घरी आली. साब कंपनीनं त्यातली सात विमानं प्रवासी केली. जिथे बॉम्ब लटकत होते तिथे सामान आणि मागे खुर्च्या. आपलं हे विमान डेन्मार्कच्या डीडीएल या विमानसेवा कंपनीकडे ओवाय-डीएफए या नोंदणीनं गेलं आणि ‘स्टिग व्हायकिंग’ झालं. तिथून ते डॅनिश सैन्याकडे गेलं, ग्रीनलंडच्या सर्वेक्षणात वापरलं गेलं आणि १९५५ मध्ये फ्रेंच आयजीएनकडे एफ-बीजीएसएच म्हणून आलं. १९६१ मध्ये फ्रेंचांनी ते क्रेयच्या आवारात सोडून दिलं.

१९६८ मध्ये एका इतिहासप्रेमीनं क्रमांक जुळवून ओळख पटवली नसती, तर ते तिथेच गंजून गेलं असतं. १९७२ मध्ये फ्रान्सनं ते अमेरिकी हवाई दलाला परत दिलं, डेलावेअरमधल्या डोव्हरला दहा वर्षं त्याच्यावर काम झालं आणि १९८८ मध्ये ते डेटनमधल्या हवाई दलाच्या संग्रहालयात पोचलं. काम अप्रतिम झालं यात शंका नाही. पण ते १९४४ च्या रूपात आणण्यासाठी डॅनिश आणि फ्रेंच काळाच्या जवळजवळ सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. मोहिमांचा काळ काही महिन्यांचा होता, आणि प्रवासी, ग्रीनलंड, नकाशे हा पुढचा काळ सोळा वर्षांचा.

काही वेळा कागदावरचा मालक हा खरा मालक नसतो, आणि तिथे शोध अवघड होतो. मायामीचा व्यापारी चार्ल्स विंटर्स बी-१७ मधून फळं वाहायचा. १९४८ मध्ये त्याच्या नावावरची विमानं पोर्तो रिको आणि अझोर्समार्गे चेकोस्लोव्हाकियातल्या झाटेकला पोचली आणि तिथून इस्रायलच्या नव्या हवाई दलात गेली. जाताना त्यांतल्या एकानं जुलैमध्ये कैरोवर बॉम्बही टाकले. अमेरिकेची शस्त्रबंदी मोडल्याबद्दल विंटर्सला १८ महिन्यांची शिक्षा झाली. तो १९८४ मध्ये वारला, आणि त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती डिसेंबर २००८ मध्ये. दुसरं उदाहरण अ‍ॅरिझोनातल्या मराना इथल्या इंटरमाउंटन एव्हिएशनचं. कागदावर ही साधी विमान कंपनी, प्रत्यक्षात सीआयएचीच. १९६२ मध्ये तिच्या बी-१७ नं आर्क्टिकमधल्या सोडून दिलेल्या सोव्हिएत तरंगत्या केंद्रावरून दोन माणसं हवेतल्या हवेत दोरीनं उचलून घेतली. अशा विमानाच्या नोंदी वाचताना मालकाचं नाव वाचून थांबता येत नाही, त्या कंपनीचे पैसे कुठून येत होते ते पाहावं लागतं.

रंगाचा प्रश्न आणखी वेगळा. ४४-८३५७५ हे बी-१७ डग्लसच्या लाँग बीच कारखान्यात बनलं, युद्ध संपता संपता. १९५२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांचा परिणाम पाहण्यासाठी ते मुद्दाम तीन स्फोटांच्या आवाक्यात ठेवलं गेलं. १९६५ मध्ये ते भंगाराच्या भावानं विकलं गेलं, दुरुस्त होऊन एन९३०१२ झालं आणि वीस वर्षं त्यानं वणवे विझवले. १९८६ मध्ये जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या कॉलिंग्स फाउंडेशन या संस्थेनं ते घेऊन ‘नाइन-ओ-नाइन’ असं रंगवलं. हे नाव दुसऱ्याच एका बी-१७ चं होतं. त्या मूळ विमानानं १४० मोहिमा केल्या आणि ते किंगमनला वितळलं. हजारो लोकांनी एन९३०१२ ला हात लावून त्या १४० मोहिमांना वंदन केलं, पण समोर उभ्या असलेल्या विमानानं स्वतः काय सोसलं होतं ते फार थोड्यांना ठाऊक होतं. २ ऑक्टोबर २०१९ ला कनेक्टिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावर ते कोसळलं आणि सात जण गेले.

मालकीचा इतिहास शोधणं हा केवळ हौसेचा भाग नाही, हे इथेच सांगायला हवं. वणव्यावर खाली झेपावून एकदम भार सोडणाऱ्या विमानाच्या पंखांवर वेगळाच ताण येतो. १८ जुलै २००२ ला कोलोरॅडोतल्या एस्टिस पार्कजवळ वणवा विझवणाऱ्या एका पीबी४वाय-२ चा पंख हवेतच तुटला आणि दोघे वैमानिक मृत्युमुखी पडले. कारण निघालं धातूला थकव्यानं गेलेला तडा. हे विमान लिबरेटरच्याच घराण्यातलं, नौदलासाठी बनलेलं. २०२३ मध्ये बी-१७ च्या पंखांच्या जोडांची तपासणी अमेरिकी विमान नियामकानं सक्तीची केली, तेव्हा उरलीसुरली विमानं जमिनीवर आली. कोणतं विमान किती वर्षं कुणाकडे आणि कोणत्या कामावर होतं, हे सांगणारा कागद त्या वेळी अभियंत्यालाही लागतो.

या सगळ्यात भारताचा, आणि त्यातही पुण्याचा, वाटा मोठा आहे. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर कानपूरला जमा झाली होती. ती अमेरिकेकडून लेंड-लीज, म्हणजे युद्धापुरती उसनी देण्याच्या, करारानं आलेली, त्यामुळे वापर संपल्यावर परत करायची किंवा नष्ट करायची अशी अट होती. ब्रिटिशांनी ती मोडून ठेवली. कुदळी चालवल्या, ट्रक आदळले, इंजिनांत वाळू घातली. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून एकेक विमान उडण्याइतकं जोडलं आणि जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकानं ती बंगळूरला नेली. अशी चाळीसच्या वर विमानं सेवेत आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. १९५१ मध्ये पुण्यात ६ क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन सागरी टेहळणीसाठी पुन्हा सुरू झाली. १९६८ अखेर ती निवृत्त झाली तेव्हा जगात चांगल्या स्थितीतली लिबरेटर शोधायची तर भारतातच यावं लागत होतं.

मग परदेशातून मागणी सुरू झाली. कॅनडानं लायसँडर विमान देऊन एक लिबरेटर घेतलं. १९६९ मध्ये एक भारतातून थेट अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला उडत गेलं, ते आज पिमा संग्रहालयात आहे. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला मिळालं. त्याचा ब्रिटिश क्रमांक केएन७५१, भारतीय एचई८०७. आणखी एक, ४४-४४०५२, बंगळूरला तेरा वर्षं पडून होतं. १९८१ मध्ये ब्रिटिश संग्राहक डग अरनॉल्ड यानं ते घेतलं, पुढच्या वर्षी सुटं करून मालवाहू विमानातून इंग्लंडला नेलं आणि १९८४ मध्ये कॉलिंग्स फाउंडेशनला विकलं. १९८९ मध्ये ते एन२२४जे म्हणून अमेरिकेत पुन्हा उडालं. आधी ‘ऑल अमेरिकन’, मग ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, मग ‘विचक्राफ्ट’ अशी नावं त्यावर रंगली. तिन्ही दुसऱ्या विमानांची. या यंत्राची स्वतःची सेवा मात्र भारतीय हवाई दलातच सगळ्यात लांबली.

बंगळूर, कानपूर आणि पुण्यात ज्यांनी ही विमानं जोडली, उडवली, सांभाळली, त्यांच्या लॉगबुका आणि देखभालीच्या वह्या कुणाच्या घरातल्या माळ्यावर असतील, तर त्यातला नुसता एचई क्रमांक आणि तारीख असलेलं एक पानही या साखळीतली रिकामी जागा भरू शकेल. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या फायली बऱ्याच चाळून झाल्या आहेत. आपल्याकडच्या वीस वर्षांचं काम अजून व्हायचं आहे.