सागवानाला साधा बिट पुरतो?

आलापल्ली-बल्लारपूर म्हणजे सागवानाचा मुलूख. इकडे अजूनही ऐकू येतं की साग तेलकट असतो, राउटरचा (लाकडाला खाच-नक्षी पाडणाऱ्या मशीनचा) बिट, म्हणजे फिरतं पातं, त्यात आरामात चालतो, तेव्हा पाट-चौरंग, फोटोफ्रेमसाठी स्वस्त एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट भरपूर झाला.

हे खरं नाही. सागात तेलासोबत सिलिकाही असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, आणि ती एचएसएसची धार भराभर खाते. धार गेली की बिट कापत नाही, घासतो. कडा काळ्या पडतात अन् दोष बिचाऱ्या लाकडावर येतो. काम कितीही लहान असो, सागाला कार्बाइडचाच, म्हणजे स्टीलहून कठीण धारेचा, बिट घ्या.

काळा डाग मात्र दर वेळी बोथट धारेचा नसतो. हात एका जागी थांबला किंवा पात्यावर चिकट थर साचला, तरी लाकूड जळतं. आधी बिट पुसून पाहा.

आणखी एक, जिवाशी खेळ नको म्हणून सांगतो: ६ मिमी आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, शँक (बिटचा दांडा) दिसायला सारखेच. पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या मशीनच्या पकडीत, ६ मिमीचा बिट नीट पकडला जात नाही, चालू मशीनमधून सुटू शकतो. कॉलेटचं माप बघूनच बिट घ्या.