ओस पडलेल्या मज्जेत कोण तगतं?

पावसाळ्यात मुंबईत कुणाच्या प्लेटलेट घसरल्या की घरात पपईच्या पानांचा रस निघतो. डेंग्यू ओसरला की प्लेटलेट आपसूक चढतात आणि श्रेय रस खातो. पण सोबत हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशीही उतरल्या, आणि आठवडे उलटूनही वर येईनात, तर कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे रक्त बनवणारी मज्जा, तपासावीच लागते.

अहवालात 'ॲप्लास्टिक ॲनिमिया' आला की पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे ब्लड कॅन्सर का? नाही. ल्युकेमियात मज्जा कच्च्या पेशींनी गच्च भरते, इथे ती ओस पडते. तरीही नुसत्या औषधांवर असलेल्या साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत दहाएक वर्षांत एमडीएस (मज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याचा, ल्युकेमियाकडे झुकू शकणारा आजार) किंवा ल्युकेमिया उद्भवतो. का?

बहुतेक रुग्णांत स्वतःच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) मज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशींना मारतात. वयानुसार आपल्या सगळ्यांच्याच मूळपेशींत जनुकीय बदल साठतात. गजबजलेल्या चाळीत एका भाडेकरूची दादागिरी चालत नाही. चाळ रिकामी झाली की उरलेला सगळ्या खोल्या बळकावतो. एखादी पेशी सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलएचा (टी-पेशी पेशीची ओळख पटवतात ती खूण) एक प्रकार गमावते. मग टी-पेशीला ती ओळखूच येत नाही. दुसरीत पीआयजीए जनुक बिघडतं आणि पृष्ठभागावरची काही प्रथिनं गळून पडतात. ही निवड आहे, कॅन्सर नव्हे. पीआयजीए बिघडलेल्या पेशी असलेले रुग्ण तर एटीजी-सायक्लोस्पोरिन या टी-पेशींना आवरणाऱ्या औषधांना बऱ्याचदा अधिक चांगला प्रतिसाद देतात. धोका वेगळा: एएसएक्सएल१, आरयूएनएक्स१ या जनुकांतले बदल, किंवा सातवं गुणसूत्रच हरवणं. अशी पेशी पुढे सरसावली की एमडीएस फार दूर नसतो.

निदान इथेच चुकतं. कमी पेशींचा एमडीएस सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब ॲप्लास्टिकसारखा दिसतो. नुसती ओढून काढलेली मज्जा पुरत नाही, हाडाचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडाही हवा. गुणसूत्रं पाहायला विभाजन होत असलेल्या २० पेशी लागतात. रिकाम्या मज्जेत त्या मिळतातच असं नाही. म्हणून सातव्या गुणसूत्रासाठी फिश चाचणीही (विभाजन न होणाऱ्या पेशींतही गुणसूत्र चमकत्या खुणेने शोधणारी) मागावी.

मुलांत आणि तरुणांत आधी फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार वगळायचा. रक्तातल्या पेशींवर मायटोमायसिन-सी टाकून गुणसूत्रं किती तुटतात ते मोजतात. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत ही चाचणी होते. फॅन्कोनीत डीएनएची दुरुस्तीच अधू असते: ल्युकेमियाचा धोका कितीतरी जास्त, एटीजी निरुपयोगी, आणि प्रत्यारोपणाआधीच्या केमोचा नेहमीचा डोस जिवावर बेतणारा. मज्जा देणाऱ्या सख्ख्या भावंडाचीही हीच चाचणी करावी. लक्षणं नसली तरी आजार त्यालाही असू शकतो.